पाऊण सेकंद

भंगार वितळवण्याच्या त्या कारखान्यात तो कामासाठी आला होता, पण फाटकावरच्या वॉचमनपासून कॅन्टीनवाल्या बाईपर्यंत सगळ्यांनी त्याला पाहुण्यासारखं वागवलं. कारण उघड होतं. क्रेनवरचे उस्ताद त्याचे सासरे. एकतीस वर्षं एकच क्रेन चालवलेला माणूस, आणि गेले आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होता की नवा डबा बसवायला आमचे जावई येताहेत. टेंडर कंपनीनं भरलेलं, माणूस कंपनीनं पाठवलेला, उस्तादांचा त्यात काडीचाही हात नव्हता; पण अभिमानाला एवढे तपशील लागत नाहीत. 'जावईबुवा' ही पदवी त्याला फाटकावरच मिळाली आणि पुढे कायमची चिकटली. आपण त्याला नुसतं जावई म्हणू.

डबा म्हणजे एन्कोडर. जाडजूड वहीएवढी लोखंडी पेटी, अंगभर खाचा पाडलेल्या, एका बाजूला केबली खुपसायला चार गोल तोंडं. कारखान्यात चार जुने कॅमेरे होते, केबलमधून थेट टीव्हीला चित्र पाठवणारे. भट्टीच्या धगीत आणि धुळीत ते बारा वर्षं टिकले होते, आणि आजकालचे नाजूक कॅमेरे तिथं एक उन्हाळाही काढणार नाहीत हे मॅनेजरसाहेबांनी स्वतःचे हात पोळून घेऊन ओळखलं होतं. म्हणून कॅमेरे तेच ठेवायचे आणि त्यांच्या केबली या डब्यात घालायच्या. डबा त्या चित्राचे आकडे करून नेटवर्कवर सोडणार, की मग हेड ऑफिसातले साहेब दुसऱ्या शहरात बसून भंगाराचे ढीग बघायला मोकळे. ते बघून त्यांना काय मिळणार होतं, देव जाणे.

उस्तादांची खोली शेडच्या कोपऱ्यात, एक जिना चढून. पूर्वी ते वर क्रेनच्याच पिंजऱ्यात बसायचे. भट्टी मोठी झाली, वरची धग सोसेना, तेव्हा त्यांना या खोलीत आणलं, समोर एक टीव्ही ठेवला आणि क्रेन चालवायचे दोन दांडे हाताशी दिले. खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून दिसायची ती भट्टीची भिंत. क्रेनच्या, वर रुळांवरून सरकणाऱ्या गाड्याला खालच्या बाजूनं लावलेला कॅमेरा दाखवेल तेवढंच उस्तादांचं जग: तारेला लोंबणारं, जेवणाच्या टेबलाएवढं लोहचुंबक, आणि त्याखाली भंगार.

लोकांना वाटतं, क्रेन म्हणजे उचलायचं आणि टाकायचं. खरी गोम झोक्यात असते. गाडा निघाला की लटकतं चुंबक मागे राहतं, गाडा थांबला की ते पुढे जातं आणि मग झुलत बसतं. नवशिका ते थांबायची वाट बघतो. उस्ताद झोका पकडायचे. चुंबक पुढे जाऊन अगदी टोकाला पोचतं त्या क्षणी गाडा हळूच पुढे नेऊन नेमका त्याच्या डोक्यावर आणायचा, की झोका जागच्या जागी मरतो. टनभर लोखंड हवेत एकदम गप्प उभं राहायचं. खालची माणसं हातातलं काम सोडून ते बघायची. तो क्षण हुकला तर मात्र सगळं उलटं होतं, झोका मरायच्या ऐवजी वाढतो. एकतीस वर्षांत उस्तादांचा तो क्षण हुकला नव्हता, आणि याबद्दल ते स्वतः कधी बोलत नसत, कारण बाकी सगळे बोलायचे.

पहिला दिवस विजेच्या पॅनेलमध्ये गेला. जावयानं डबा पट्टीवर खटकन बसवला, चोवीस व्होल्टची वीज दिली, केबलींची गंजकी टोकं कापून नवी चढवली आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. कामात तो फार नीटनेटका. वायरी अशा बांधायचा की भांग पाडल्यासारख्या दिसाव्यात. मग लॅपटॉप जोडून डब्याला नेटवर्कवरचा पत्ता दिला, पासवर्ड बदलला, घड्याळ लावलं आणि चार चित्रांना चार नावं दिली: फाटक, वजनकाटा, भट्टी, क्रेन. दुसऱ्या दिवशी क्रेनच्या चित्रात आडव्या पट्ट्या खालून वर सरकायला लागल्या. क्रेनचं अर्थिंग वेगळं, खोलीचं वेगळं, आणि दोघांचं भांडण केबलमधून चित्रात उतरत होतं. जावयानं मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला आणि पट्ट्या गेल्या. उस्ताद मागे हात बांधून बघत होते. पाच मिनिटांनी खाली कॅन्टीनमध्ये तो किस्सा तिखटमीठ लावून सांगून झाला होता.

जुन्या टीव्हीचं काय करायचं हा प्रश्न त्याच दुपारी आला. जावयानं तो तसाच केबलला जोडून ठेवायचा प्रयत्न केला, पण एकाच केबलवर टीव्ही आणि डबा दोघे पोसायचे म्हटल्यावर चित्र फिकं पडलं. त्यालाही उपाय होता. डब्याच्या पोटातलं एक बारीक बटण सरकवलं की डबा आपला भार केबलवर टाकत नाही. पण त्यासाठी पेटी उघडावी लागली असती, आणि मॅनेजरसाहेबांना तसंही टेबल मोकळं हवं होतं. डब्याचं चित्र दाखवायला नवा मोठा पडदा आणलाय ना, मग हे धूड कशाला, असं ते म्हणाले. टीव्ही कपाटावर गेला आणि उस्तादांसमोर नवा पडदा आला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब म्हणाले, चित्र अडखळतंय. खरंच अडखळत होतं. कारखान्याच्या नेटवर्कवर आधीच गर्दी होती, चित्राचे तुकडे पुढेमागे पोचत होते. अशा वेळी या धंद्यातला कुणीही जे करेल तेच जावयानं केलं. चित्र आलं की लगेच दाखवायचं नाही, थोडं साठवू द्यायचं आणि मग सावकाश सोडायचं, की मधली अडखळ दिसत नाही. त्यानं साठवण वाढवत नेली. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. हेड ऑफिसातून शाबासकीचा फोन आला.

राहता राहिला फॉर्म. बत्तीस रकाने. त्यातल्या सत्ताविसाव्यात विचारलं होतं, चित्राला किती उशीर होतो, मोजून लिहा. मोजायची रीत सोपी आहे: कॅमेऱ्यासमोर सेकंदाचं घड्याळ धरायचं, शेजारी पडदा ठेवायचा, आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढायचा, दोन आकड्यांमधला फरक म्हणजे उशीर. पण कॅमेरा क्रेनच्या पोटाशी, क्रेन चालू, ती अर्धा तास थांबवा म्हणून सासऱ्यांना सांगायचं जावयाच्या जिवावर आलं. त्यानं डब्याबरोबर आलेल्या पुस्तकातला आकडा लिहिला, शून्य दशांश दोन सेकंद, आणि सही केली. यात त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. आजवर शंभर ठिकाणी त्यानं असेच डबे बसवले होते, आणि शंभरही ठिकाणी लोक त्या चित्रांकडे नुसते बघत होते. इथे एक माणूस त्या चित्रावर हात चालवत होता, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी जावई-मुलगी उस्तादांकडे जेवायला गेले होते. दोन वर्षांची नात उस्तादांच्या मांडीवर. जेवण झाल्यावर उस्तादांनी जरा अडखळतच विषय काढला. पोरीच्या नवऱ्याच्या कामाबद्दल बोलायचं म्हणजे त्यांना शब्द तोलून घ्यावे लागत.

"जावईबुवा, एक विचारू? आवाज आधी येतो हो. चित्र मागून."

"म्हणजे?"

"चुंबक भंगारावर टेकतं, त्याचा दणका मला भिंतीतून ऐकू येतो. आणि मग ते पडद्यावर टेकतं."

जावई हसला. कान फार तल्लख झालेत तुमचे, म्हणाला. तरीही त्यानं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला, कारखान्याचं चित्र लावून बघितलं, आणि ते सुरेख सरकत होतं. दणका ऐकायला तो कारखान्यात नव्हता, दिवाणखान्यात होता. नव्या पडद्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, बाबा, असं त्यानं समजावलं. उस्ताद लगेच म्हणाले, हो हो, तसंच असेल. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात चुंबक भट्टीत भंगार ओतायच्या बादलीला घासलं. खालची माणसं म्हणाली, या नव्या डब्यानं घात केला. उस्तादांनी त्यांना झापलं. चित्र आरशासारखं आहे, माझंच लक्ष नव्हतं, डब्याला उगीच नावं ठेवू नका, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मग त्यांनी एक नवीन पद्धत धरली. दांडा थोडा हलवायचा आणि थांबायचं. काय झालं ते बघायचं, मग पुन्हा थोडा हलवायचा. झोका पकडायचा म्हणून ते टोकाच्या क्षणाला हात घालत, आणि तो क्षण पडद्यावर येईपर्यंत प्रत्यक्षात होऊन गेलेला असे. त्यामुळे पकडायला जावं तर झोका वाढायचा. मग ते तो आपोआप थांबायची वाट बघायला लागले, नवशिक्यासारखी. दिवसाच्या नव्वद फेऱ्या साठावर आल्या. रात्री जेवताना त्यांचा उजवा हात ताटाशेजारी नुसता पडलेला असायचा आणि ते त्याच्याकडे बघत बसायचे, असं सासूबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं.

सहाव्या आठवड्यात झोका इतका वाढला की भरलेलं चुंबक खांबावर आदळलं. चुंबकाला चिकटलेला रुळाचा एक तुकडा सुटून खाली पडला. खाली उभं राहून हातानं खुणा करणारा जो माणूस असतो, त्याला सगळे खुणावाला म्हणत, तो नुकताच त्या जागेवरून दोन पावलं बाजूला सरकला होता. त्याला ओरखडाही आला नाही. पण तो तिथंच खाली बसला. उस्ताद जिना उतरून आले, त्याच्याजवळ बसले, त्याचा हात हातात घेतला. मग उठून सरळ मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

साहेबांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळे वयाच्या मानानं उत्तम निघाले. "मग हात," उस्ताद म्हणाले. "हात राहिला नाही माझा."

बायकोनं रडत फोन केला तेव्हा जावयाला खरोखर वाईट वाटलं. तो तिला म्हणाला, "वय होतंच ना गं कधीतरी." हे वाक्य पुढे त्याला फार टोचत राहिलं.

घरी बसलेले उस्ताद बघवेनात. आजारी नव्हते, चिडत नव्हते, कुणाला दोष देत नव्हते. फक्त प्रत्येक गोष्टीआधी थांबायचे. रस्ता ओलांडताना लांबवरची सायकलसुद्धा आधी जाऊ द्यायचे. कुलपात किल्ली घालताना एकदा थांबून भोकाकडे बघायचे. नात धावत येऊन हात वर करायची, आणि ते तिला उचलून घेत नसत. खाली बसून जवळ घेत, पण उचलत नसत. एकदा मुलगी म्हणाली, बाबा, घ्या ना तिला वर. ते म्हणाले, "नको गं. पडायची माझ्या हातून." मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडला, तिचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

साडेतीन महिने असे गेले. तेवढ्यात क्रेनवर आधी दोघांना बसवून बघितलं, दोघांनीही हात टेकले. मग कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातून एक ऑपरेटर आणला. तिशीतला, तोंडाचा फटकळ, आणि मुख्य म्हणजे त्या डब्यावर लोभ असण्याचं त्याला काही कारण नव्हतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, हे चित्र शिळं आहे, यावर मी माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेणार नाही. साहेबांनी जावयाला बोलावलं.

जावई जिना चढून त्या खोलीत आला. ऑपरेटरनं काही समजावलं नाही. बोट ओठांवर ठेवून गप्प राहायला सांगितलं आणि चुंबक खाली सोडलं. भिंतीतून दणका आला. पडद्यावर चुंबक अजून हवेत होतं. मग ते भंगारावर टेकलं.

 जावयाला सासऱ्यांचा तो रविवारचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, त्यातला संकोचसुद्धा. त्यानं क्रेन थांबवायला लावली, पडदा घेऊन वर गेला, कॅमेऱ्यासमोर घड्याळ धरलं आणि फोटो काढला. घड्याळात चौदा सेकंद आणि नऊ दशांश. पडद्यावर चौदा आणि दोन. त्यानं तीनदा काढला. तिन्ही वेळा तेवढाच फरक, पाऊण सेकंदापेक्षा किंचित कमी. अर्ध्या तासाचं काम होतं.

त्या दिवशी त्यानं पेटी उघडली, आतलं ते बारीक बटण सरकवलं, कपाटावरचा जुना टीव्ही पुसून खाली आणला आणि केबल थेट त्याला जोडली. डबा आपला हेड ऑफिसला चित्र पाठवत राहिला, पण ऑपरेटरसमोर आता मधे कुणी नव्हतं. हेही त्यानं मोजलं. दोन्ही आकडे एक. मग तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला, सत्ताविसाव्या रकान्याचं सगळं सांगितलं आणि एका कागदावर लिहूनही दिलं. साहेबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, बघू.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"बाबांनी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"आणि तू हसलास."

 ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी ती म्हणाली की हे बाबांना तूच सांगायचंस, मी मधे पडणार नाही, आणि तुला वाचवायला एक शब्दही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे गेले. उस्ताद खुर्चीत बसले होते. जावई समोर बसला आणि त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. साठवण कशी वाढवली, रकान्यात काय लिहिलं, का लिहिलं. मग फोटो दाखवला. उस्तादांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. दोन्ही आकडे तोंडातल्या तोंडात वाचले.

"म्हणजे मी बघत होतो ते होऊन गेलेलं असायचं?"

"हो, बाबा."

"माझा हात वेळेवर जायचा?"

"तुमचा हात वेळेवरच होता. चित्र मागे होतं. माझी चूक आहे."

जावयानं मान खाली घातली. तो बोलणी खायला तयार होऊन आला होता. पण उस्तादांना राग आलाच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि ते इतक्या महिन्यांत कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाले, अगं ऐकलंस का, हात चांगलाच होता माझा. सासूबाई दारात येऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग उस्तादांनी जावयाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, साहेब एकदा बसू देतील का हो मला?

साहेबांनी परवानगी दिली. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सकाळी, शेड रिकामी असताना, चुंबकाला काही न लावता. उस्ताद दाढी करून आले होते. कारखान्याचा गणवेश सासूबाईंनी इस्त्री करून दिला होता. तो आता खांद्यांवर थोडा सैल झाला होता. खुणावाला आला, लांब भिंतीशी उभा राहिला. खोलीत साहेब, नवा ऑपरेटर आणि जावई. ऑपरेटरनं खुर्ची सोडली आणि, फटकळ असला तरी, बसा उस्ताद, असं अदबीनं म्हणाला.

उस्तादांनी आधी चुंबक खाली सोडलं. दणका आणि चित्र एकदम आले. त्यांनी मान डोलावली.   उस्तादांनी चुंबक उचललं, गाडा चालवला, मधोमध आणून थांबवला. चुंबक पुढे गेलं, टोकाला पोचलं. आता हात हलायला हवा होता.

हात हलला नाही. तो दांड्यावर थांबून राहिला, चित्र येऊन पोचायची वाट बघत. चित्र तर केव्हाच आलं होतं. चुंबक परत फिरल्यावर हातानं दांडा पुढे केला, आणि झोका वाढला.

उस्तादांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी घाई केली तर टोक यायच्या आधीच दांडा गेला. चौथ्या वेळी ते पुन्हा थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. जावई त्या हाताकडे बघत होता आणि काय झालंय ते त्याला लख्ख कळत होतं. सहा आठवडे त्याच्या चित्रानं या हाताला थांबायला शिकवलं होतं. पुढचे साडेतीन महिने हा हात खुर्चीत बसून तोच धडा गिरवत होता. जे आधी खोटं होतं ते आता खरं झालं होतं, आणि ते कुठल्याही घड्याळानं मोजून फोटोत दाखवता येण्यासारखं नव्हतं.

पाचव्या झोक्याला चुंबक खांबाच्या अगदी जवळ गेलं. नव्या ऑपरेटरनं बाजूनं हात घातला, उस्तादांच्या हातावरच आपला हात ठेवला आणि एका हालचालीत झोका मारला. चुंबक हवेत गप्प उभं राहिलं.  उस्तादांनी आपला हात त्याच्या हाताखालून हळूच काढून घेतला.

"बाबा, हात विसरलाय फक्त," जावई म्हणाला.  "रोज थोडं बसलात तर पंधरा दिवसांत येईल. ही माझ्या डब्याचीच सवय लागली आहे त्याला. मी सांगतो साहेबांना."

उस्ताद खुर्चीतून उठले. त्यांना वाईट वाटलं असेल तर ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. उलट अवघड कामातून सुटल्यासारखे ते जावयाकडे बघत होते, आणि त्या नजरेत त्याच्याबद्दल नुसती माया होती.

"नाही हो. आता तर चित्र थेट आहे ना? तुम्हीच मोजलंत." ते साहेबांकडे वळले. "साहेब, यांनी काही लिहून दिलं असेल तर ते मनावर घेऊ नका. मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेताहेत. काम चोख आहे यांचं. गेला तो माझाच हात."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्यांनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला आणि जावयाच्या हातात परत दिला.

जावयाला ओरडून सांगावंसं वाटलं की हा हात गेलेला नाही, मी घालवलाय. पण उस्ताद त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, त्याची समजूत काढत होते, आणि आपल्या पोरीच्या नवऱ्याला आपण एका आळातून सोडवलं या समाधानाखेरीज त्यांच्यापाशी आता दुसरं काही उरलं नव्हतं.

"उगीच जिवाला लावून घेतलंत," उस्ताद म्हणाले. "आता तरी पटलं ना?"

जावयानं हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"हो, बाबा," तो म्हणाला.

मग दोघे जिना उतरून खाली आले.